वाढत्या वस्तीचा देव

माणसांची वस्ती एखाद्या भूमीवर वाढू लागते तेव्हा ती कोणाच्या संमतीने वाढते, हा प्रश्न आजच्या काळात प्रशासनाचा मानला जातो; अकृषिक परवाना, विकास आराखडा आणि ग्रामपंचायतीचा ठराव ही कागदपत्रे जुळली की तो निकालात निघाला असे धरले जाते. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण भागातील गोंड आणि माडिया समाजांनी हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या धर्माचा म्हणून विचारला आहे. त्यांच्या धारणेनुसार भूमीला तिचे स्वतःचे दैवत असते, माणूस त्या दैवताच्या आश्रयाने राहतो, आणि नवा माणूस तेथे राहावयास आला तर जाणत्या पुजाऱ्याने त्याची त्या दैवताशी रीतसर ओळख करून द्यावी लागते. ही धारणा जंगलातल्या दहा-वीस घरांच्या पाड्यापुरतीच खरी आहे, की बाहेरून आलेल्या लोकांनी भरत चाललेल्या, रस्त्याच्या दुतर्फा पसरणाऱ्या गावालाही ती काही सांगू शकते, आणि सांगत असेल तर अशा गावातून जाणाऱ्या पाहुण्याकडून तिची अपेक्षा कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हेमलकसा हे भामरागड तालुक्यातील गाव बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पामुळे महाराष्ट्राला माहीत झाले, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाल्यानंतर तेथे जाणाऱ्यांची रीघ लागली. पुण्या-मुंबईचा आणि नागपूरचा मध्यमवर्ग तेथे ज्या भावनेने जातो ती यात्रेकरूच्या भावनेहून फारशी निराळी नाही. जाण्यापूर्वी पुस्तक वाचलेले असते, चित्रपट पाहिलेला असतो आणि परत येताना काहीतरी पदरात पडल्याची जाणीव असते. या वाटेवर मुक्कामाच्या सोयीचे शेवटचे मोठे ठिकाण म्हणजे आलापल्ली. तेथून एक रस्ता भामरागडकडे, एक एटापल्लीकडे, एक सिरोंच्याकडे आणि एक अवघ्या काही किलोमीटरांवरील अहेरीकडे जातो. अहेरी हे आत्राम घराण्याच्या गोंड जमीनदारीचे मुख्य ठिकाण. जुन्या चांदा जिल्ह्यातील जमीनदाऱ्यांत ही सर्वांत मोठी होती, आणि चांद्याच्या गोंड राजांची सत्ता संपल्यानंतरही या अरण्यात राजा म्हणून मान होता तो अहेरीच्या गादीलाच. त्या अर्थाने अहेरी ही येथील राजधानी, आणि आलापल्ली हे राजधानीच्या वेशीबाहेर वाढलेले गाव.

राजधानी जेथे असते तेथे एक राजा, एक देवघर आणि एक दसरा असतो. वेशीबाहेरच्या गावाला असे काही नसते. ते कामापुरते जन्माला येते. आलापल्लीला जन्म दिला तो सागवानाने. इंग्रजी अमदानीत वनखात्याने येथील सागाची प्रत ओळखली, कार्यालये आणली, लाकडाचे आगार उभारले, आणि त्यामागोमाग कारकून, कंत्राटदार, गाडीवान, दुकानदार आले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा गडचिरोली जिल्हा झाल्यावर सरकारी खात्यांचा पसारा वाढला, नक्षलवादी चळवळीच्या काळात पोलीस दलांची ये-जा वाढली, आणि अलीकडच्या वर्षांत एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघू लागल्यापासून ताडपत्री ओढलेल्या ट्रकांची रांग या रस्त्यावरून धावू लागली. चौकात काही वेळ उभे राहिले तरी या वाढीचे थर डोळ्यांसमोर येतात: वनखात्याची जुनी कौलारू इमारत, तिच्या समोर मोबाइलचे दुकान, त्याला लागून पंक्चर काढणारा, आणि या सर्वांवर बसलेली खनिजाची तांबूस धूळ. हेमलकशाला निघालेला प्रवासी येथे चहा घेतो, गाडीत इंधन भरतो आणि पुढे जातो. पवित्र ठिकाण पुढे आहे, हे तर केवळ वाटेतले गाव आहे, अशी त्याची समजूत असते, आणि ही समजूत तपासण्याजोगी आहे.

गोंड धर्मात दैवताला पेन म्हणतात. प्रत्येक कुळाचा आपला पेन असतो आणि कुळे चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गटांत विभागलेली असतात. एका गटातील माणसे परस्परांची भाऊबंद ठरतात, त्यामुळे त्यांच्यात लग्न होत नाही, सोयरीक दुसऱ्या गटातच करावी लागते. कुळाच्या देवासाठी ठरावीक काळाने जो मोठा मेळा भरतो त्याला पेन करसाड असे नाव आहे. बस्तरमध्ये आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यात देवाचे एक रूप आंगा या नावाने प्रसिद्ध आहे: लाकडाचे दोन समांतर दांडे, त्यांच्या मध्ये तिसरे लाकूड, त्यावर बांधलेली मोरपिसे आणि ठोकलेली चांदीची नाणी. चौघेजण तो खांद्यावर घेतात, त्याला प्रश्न विचारला जातो, आणि तो कोणत्या बाजूस झुकतो, पुढे रेटतो की मागे ओढतो, यावरून त्याची इच्छा जाणली जाते. तो जागचा हलत नाही असेही घडते, आणि तेव्हा कोणी त्याला बळेच नेत नाही.

हा देव घरात बसून भक्तांची वाट पाहत नाही. तो खांद्यावरून निघतो, सोयऱ्यांच्या देवाच्या मेळ्याला जातो, तेथे त्याचे स्वागत होते, आणि काही दिवसांनी तो आपल्या गावी परततो. मराठी मनाला परिचित असलेली यात्रेची कल्पना याहून वेगळी आहे. वारीत सर्व दिशांच्या पालख्या एकाच पंढरपूरकडे वाहतात; देव विटेवर उभा आहे आणि चालणे भक्ताने करावयाचे आहे. महानुभाव पंथात चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना ओळखीचा मुलूख आणि नातीगोती सोडून देशाच्या टोकाला, झाडाखाली आयुष्य कंठण्याचा उपदेश केला, म्हणजे तेथे ठिकाणाची आसक्तीच सुटावयास हवी होती. परंतु त्याच पंथाने स्वामी जेथे जेथे राहिले त्या जागांची नोंद स्थानपोथीत जपून ठेवली. केंद्राकडे जाणे आणि केंद्रच सोडणे, या दोन टोकांमध्ये गोंडांच्या देवाने तिसरा मार्ग काढलेला दिसतो. तेथे देवही पाहुणा असतो, पाहुणा म्हणून दुसऱ्याच्या उंबऱ्यावर थांबतो, आणि या थांबण्याने त्याचे देवपण उणे होत नाही.

कुळाचा पेन असा फिरता असला तरी गावची भूमी स्थिर आहे, आणि तिचे दैवत वेगळे आहे. काही भागांत तल्लुर मुत्ते या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या भूमीमातेची पूजा गाव ज्या कुळाने प्रथम वसवले त्या कुळातील माणूस करतो. त्याला कोठे गायता, कोठे पेरमा, कोठे भूमिया म्हणतात. बस्तरच्या मारिया गोंडांवर १९३८ साली ग्रंथ लिहिणाऱ्या ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्यानेही भूमी, कूळ आणि पुजारी यांचे हे एकमेकांत गुंफलेले नाते सविस्तर नोंदवले आहे. बाहेरचा माणूस गावात राहू शकतो, परंतु पुजाऱ्याच्या मध्यस्थीने. तत्त्वविचाराच्या दृष्टीने या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट अशी की, आधी आलेले कूळही भूमीचे मालक ठरत नाही. तेही कधीतरी येथे आले, त्यानेही कधीतरी विचारले, आणि म्हणूनच नंतर येणाऱ्याची ओळख करून देण्याचे काम त्याच्याकडे आले. आधीचा आणि नंतरचा यांच्यात मान पुढे-मागे असतो, पण भूमीसमोर दोघेही पाहुणेच.

आलापल्लीत जे देव आहेत ते माणसांबरोबर आले. तेलुगू भाषकांनी आपले देव आणले, विदर्भाच्या इतर भागांतून आलेल्यांनी हनुमान, गणपती आणि दुर्गोत्सवाचे मंडप आणले, मुसलमानांनी मशीद आणि बौद्धांनी विहार आणले. जिल्ह्याच्या चामोर्शी आणि मुलचेरा भागांत १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांच्या वसाहती वसल्या. या लोकांची स्वतःची भूमी फाळणीने हिरावली होती, आणि सरकारने त्यांना जी जमीन दिली ती देताना येथील भूमीच्या पुजाऱ्याला कोणी विचारले नाही, तसेच त्यांनाही कोठे जायचे आहे हे फारसे विचारले नाही. भातशेतीत आणि मासेमारीत मुरलेली ही माणसे आज या मुलखाच्या बाजारपेठेचा कणा झाली आहेत. त्यांना उपरे म्हणून बाजूला सारणे हा अन्याय आहे, आणि भूमीच्या दैवताचा युक्तिवाद जर अशा अन्यायाकडे नेत असेल तर तो तेथेच थांबवला पाहिजे.

या युक्तिवादावरचा सर्वांत कठोर आक्षेप मात्र निर्वासितांच्या बाजूने येत नाही, तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारातून येतो. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना त्यांनी खेड्याला अज्ञानाचे आणि संकुचितपणाचे आगर ठरवले होते, आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतल्यानंतर दोनच दिवसांनी चंद्रपूरला दुसरा दीक्षा समारंभ झाला, ही घटना या जंगलाच्या उंबऱ्यावर घडलेली आहे. ज्यांना गावाच्या दैवताने शतकानुशतके वेशीबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी वाढते गाव म्हणजे मोकळा श्वास आहे. तेथे तुमचे कूळ कोणते, तुम्ही आधी आलात की नंतर, असे विचारणारा पुजारी नसतो, आणि त्याचे नसणे हेच तेथे मुक्तीचे कारण असते. माडिया समाजातही भूमीच्या धर्माची दुसरी बाजू आहे. मासिक पाळीच्या दिवसांत स्त्रीला गावाच्या कडेच्या कुर्माघरात, म्हणजे वेगळ्या झोपडीत, राहावे लागते. पावसाळ्यात अशा झोपडीत साप-विंचवाच्या भयात काढलेल्या रात्री या धर्माच्या हिशेबात धरल्याच पाहिजेत. वस्ती वाढली, रस्ता आला, दवाखाना आला, त्यामुळे ज्या स्त्रीचे बाळंतपण सुखरूप झाले तिच्यापुढे जुन्या गावाचे गोडवे गाणाऱ्याने जपून बोलावे.

हा आक्षेप मान्य करूनही एक गोष्ट उरते. आंबेडकरांच्याच मांडणीत धम्माची गरज निर्माण होते ती माणूस दुसऱ्या माणसाच्या संबंधात येतो तेव्हा; एकट्या माणसाला तिची गरज नाही. याच कसोटीवर वाढत्या गावाकडे पाहिले तर तेथे सर्वांत दुबळा संबंध दिसतो तो आधी असलेल्या माणसाचा आणि नंतर आलेल्या माणसाचा. आधीच्याला विचारले जात नाही, आणि विचारले गेले तरी त्याला नाही म्हणता येत नाही. आंगा जागचा हलला नाही तर त्याला बळेच न नेण्याचा जो शिरस्ता आहे त्याचा अर्थ येथे उलगडतो: ज्याला नकार देता येतो त्याच्याच होकाराला संमती म्हणता येते. गोंडांच्या धर्माने हा नकाराचा अधिकार देवाकडे ठेवला, म्हणजे तो कोणा एका सरदाराच्या, कंत्राटदाराच्या किंवा मुखियाच्या हाती जाऊ दिला नाही. देव ही कल्पना न मानणाऱ्यालाही या व्यवस्थेतील शहाणपण मानता येईल.

लोकबिरादरी प्रकल्पाचा आरंभ याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तोही बाहेरच्यांचाच होता, सरकारी जमिनीवर उभा राहिलेला, आणि सुरुवातीला माडिया माणसे त्याच्याकडे फिरकतही नव्हती. त्यांचा नकार मूक होता, पण नकारच होता. आलेल्या डॉक्टरांनी तो सोसला, पावसाळ्यात महिनोन्‌महिने जगाशी संपर्क तुटत असे तो सोसला, माडिया भाषा शिकून घेतली आणि रोगी आपण होऊन येईपर्यंत वाट पाहिली. गायत्यापुढे उभे राहून परवानगी मागण्याचा विधी त्यांनी केला की नाही याने फरक पडत नाही. भाषा शिकणे आणि थांबणे हाच तो विधी झाला. हेमलकशाचे पावित्र्य जेथे सापडते ते या थांबण्यात, आणि पाहुणा तेथे दोन तासांत रुग्णालय, आश्रमशाळा आणि वन्यप्राण्यांचे अनाथालय पाहून परततो तेव्हा नेमके तेवढे त्याच्या नजरेतून सुटते. १९८० च्या दशकात गोदावरीवरील इचमपल्ली आणि इंद्रावतीवरील भोपालपट्टनम या नियोजित धरणांविरुद्ध बाबा आमटे उभे राहिले, तेव्हा त्या लढ्यातही मुद्दा हाच होता: ज्यांची भूमी बुडणार त्यांना नाही म्हणण्याचा हक्क आहे की नाही.

राज्यसंस्थेने हा हक्क फार उशिरा ओळखला. १९९६ च्या पेसा कायद्याने, म्हणजे पंचायतराज व्यवस्था अनुसूचित क्षेत्रांना लागू करणाऱ्या कायद्याने, आदिवासी गावाच्या ग्रामसभेला आपल्या चालीरीती आणि साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरील सामूहिक हक्क मान्य केले. आणि गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाने दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, अशी घोषणा देत तो अधिकार प्रत्यक्षात आणून दाखवला. राजधानी आणि गाव यांच्या नात्याबद्दल मराठीत इतके नेमके वाक्य क्वचितच बोलले गेले असेल. पुढे १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात डोंगरिया कोंध समाजाचा डोंगरावरील धार्मिक हक्क ग्रामसभांनी ठरवावा असा निर्णय दिला, आणि त्या वर्षी झालेल्या बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. देवाचा नकार ग्रामसभेच्या ठरावातून नोंदला गेला आणि तो कायद्याने मानला गेला, ही भारतीय धर्मविचाराच्या इतिहासातली मोठी घटना आहे.

सुरजागडच्या डोंगरावरही ठाकूरदेव आहे, आणि दर जानेवारीत आजूबाजूच्या गावांतील माणसे त्याच्या यात्रेला चढून जातात. नियमगिरीला जे विचारले गेले ते येथे त्याच रीतीने विचारले गेले नाही. रोजगार मिळाला, दवाखाने निघाले, तरुणांच्या हाती पगार आला, आणि या गोष्टींना कमी लेखण्याचे कारण नाही, परंतु मोबदला हा होकाराची जागा घेऊ शकत नाही. मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातून या जंगलपट्ट्यातील सागवान अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी समारंभपूर्वक रवाना झाले. एका देवाच्या अरण्यातील लाकूड दुसऱ्या देवाच्या महाद्वाराला लागावे यात विसंगती नाही. सोयऱ्यांच्या घरी देव जातोच. सोयरिकीत मात्र दोन्ही बाजूंनी विचारणा होते. येथे लाकडाची पूजा झाली, ज्या भूमीत ते वाढले तिच्या पुजाऱ्याला कोणी पुढे बोलावले नाही.

सर्वांत अवघड गाठ मात्र कायद्याच्या आत आहे, आणि तिच्याकडे धर्मचिंतकांचे किंवा नियोजनकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. पेसा हा पंचायतींचा कायदा आहे. गाव वाढले, त्याची नगरपंचायत झाली, की ग्रामसभा संपते आणि तिच्याबरोबर विचारण्याची जागाही संपते. नगरपालिकांविषयीचा संविधानाचा नववा-अ भाग अनुसूचित क्षेत्रांना लागू करावयाचा तर संसदेने स्वतंत्र कायदा करणे आवश्यक आहे; २००१ साली तसे विधेयक आले, पण त्याचा कायदा झाला नाही. दरम्यान अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा ही तालुक्याची ठिकाणे नगरपंचायती होऊन गेली. गाव लहान असेपर्यंत त्याला विचारावयाचे, आणि विचारण्याची खरी निकड जेव्हा येते, बाहेरची माणसे, पैसा आणि यंत्रे जेव्हा लोटतात, तेव्हाच विचारणे बंद करावयाचे, असा या व्यवस्थेचा परिणाम होतो. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम आहे आणि पुराचे पाणी बाजारपेठेत शिरणे तेथे नवे नाही. कोणत्या उंचीवर घर बांधावे हे जुन्या माणसांना ठाऊक असते, पण ते सांगण्याचा त्यांचा हक्क आता गावकऱ्याचा राहिलेला नाही, एका प्रभागातील मतदाराचा झाला आहे.

अशा स्थितीत पाहुण्याचे कर्तव्य वाटते त्यापेक्षा मोठे होते. आलापल्लीहून भामरागडकडे निघाल्यावर वाटेत वनवैभव नावाचा सागाचा राखीव तुकडा लागतो. १९५३ पासून तो तोडीपासून वाचवलेला आहे आणि २०१४ साली त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा मिळाला. तेथे प्रवासी थांबतात, उंच खोडांकडे मान वर करून पाहतात, आणि ते योग्यच आहे. त्याच आदराने त्यांनी मागे टाकलेल्या चौकात थांबणे, पाड्यावर शिरण्यापूर्वी विचारणे, गोटुलाचे, म्हणजे गावाच्या सामूहिक घराचे, किंवा देवस्थानाचे छायाचित्र घेण्यास कोणी नाही म्हटले तर मुकाट्याने यंत्र खाली करणे, यात धर्म आहे. कारण पाहुण्याला मिळालेला नकार हा त्या भूमीने अजून गमावला नसलेला अधिकार आहे.

आलापल्लीच्या शाळांत आज गोंड, माडिया, बंगाली, तेलुगू, बौद्ध आणि मुसलमान मुले एका बाकावर बसतात. त्यांपैकी बहुतेकांचा जन्म तेथलाच आहे, आणि आईबाप उपरे असले तरी पुढच्या येणाऱ्यांच्या दृष्टीने हीच मुले आधीची ठरणार आहेत. आणखी एखादी खाण उघडेल, रस्ता रुंद होईल, वस्ती नगरपंचायतीच्या हद्दीत जाईल आणि या मुलांच्या दारातली जमीन मोजली जाईल, तेव्हा त्यांना विचारणारा गायता नसेल, ग्रामसभा नसेल, आणि त्या दोघांच्या जागी कोणाला बसवावे हे संसदेने अजून ठरवलेले नाही.